पुस्तकाच्या जमेच्या आणि उण्या बाजू कशा जोखाव्यात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षण लिहिणारे, वाचनगट चालवणारे आणि नुसतेच बारकाईने वाचणारे, सगळ्यांनाच पडणारे हे प्रश्न आहेत. कादंबरी, कथा यांना इथे 'ललित' म्हटलं आहे. चरित्र, इतिहास, विज्ञान, वैचारिक लेखन यांना 'कथेतर'.

'पुस्तक आवडलं' आणि 'पुस्तक चांगलं आहे' यांत फरक काय?

पहिलं विधान तुमच्याबद्दल आहे, दुसरं पुस्तकाबद्दल. दुसऱ्याला पुरावा लागतो आणि तो पुस्तकाच्या पानांतच शोधावा लागतो. 'पात्रं सपाट आहेत' असं म्हटलं, तर कुठलं पात्र, कुठल्या प्रसंगात, आणि तिथे त्याच्याकडून काय अपेक्षित होतं हे सांगता आलं पाहिजे. पानावर बोट ठेवता येत नसेल, तर दोष नुसता जाणवला आहे, सापडलेला नाही. जाणवणं मोलाचं आहेच, शोध तिथूनच सुरू होतो. पण परीक्षण सापडलेल्या गोष्टींवर उभं राहतं.

पुस्तकाने काय करायचं ठरवलं होतं, हेही आधी ठरवून घ्या. दीडशे पानांच्या परिचयपर पुस्तकात विषयाचा सगळा पसारा नाही, ही तक्रार होऊ शकत नाही. तोच परिचय नवख्याला तिसऱ्या पानावर अडखळायला लावत असेल, तर तो दोष खरा आणि मोठा.

वाचताना टिपणं कशी काढावीत?

पेन्सिल हातात असावी, पण फार चालू नये. ३०० पानांच्या पुस्तकाला २५ ते ४० नोंदी पुरतात. शंभरावर गेल्या की नंतर त्या चाळायलाच कंटाळा येतो आणि लिहिताना शेवटची दहाच वापरली जातात. एका नोंदीत तीन गोष्टी पुरेत: पान क्रमांक, पाच-सहा शब्द आणि एक खूण. अधिक, उणे किंवा प्रश्नचिन्ह. ई-पुस्तकात अक्षरांचा आकार बदलला की पानांची गणती बदलते, म्हणून तिथे प्रकरण आणि वाक्याचे पहिले तीन शब्द लिहा.

प्रश्नचिन्हांची खूण सगळ्यात कामाची. 'हा माणूस एवढा का चिडला?' असं ४० व्या पानावर वाटतं आणि उत्तर २१० व्या पानावर मिळतं. तेव्हा प्रश्नचिन्हाचं अधिक होतं. शेवटपर्यंत उत्तर मिळालं नाही, तर उणे करायचं की ती जागा लेखकाने मुद्दाम मोकळी सोडली आहे, हे तेव्हा ठरवा. पहिल्या फटक्यात उणे लिहून टाकणाऱ्याला ही संधीच राहत नाही.

आणखी एक साधी सवय: जिथे पुस्तक खाली ठेवलंत ते पान लिहा. एकाच प्रकरणात तीनदा ठेवलं गेलं असेल तर त्या प्रकरणात काहीतरी बिघडलं आहे, किंवा ते फार दाट आहे. परत जाऊन कुठलं ते बघा.

पुस्तक संपल्यावर २४ तासांच्या आत, ते न उघडता, पाच ओळी लिहा. कुठल्या पात्राचं नाव आठवत नाही, कुठला मुद्दा स्वतःच्या शब्दांत मांडता येत नाही, हे त्या पाच ओळी लगेच उघडं करतात.

पुस्तक हातात आल्यावर आधी काय बघावं?

वीस मिनिटं द्या. शीर्षकाच्या पानामागे आवृत्ती आणि सालं छापलेली असतात. 'पाचवी आवृत्ती' आणि 'पाचवं पुनर्मुद्रण' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नव्या आवृत्तीत मजकूर सुधारलेला असणं अपेक्षित असतं. पुनर्मुद्रणात तोच मजकूर पुन्हा छापला जातो. विज्ञान, आरोग्य, कायदा या विषयांत हा फरक निर्णायक ठरतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, २००७ पासून १३ अंकी झाला. नुसता १० अंकी क्रमांक दिसला, तर ती छपाई बहुधा त्याआधीची.

कथेतर असेल तर अनुक्रमणिकेनंतर थेट शेवटची विषयसूची गाठा. त्या विषयातला सगळ्यात वादाचा मुद्दा सूचीत किती पानांवर आहे ते पाहा. एकाच पानावर असेल तर लेखक वादाला वळसा घालून गेला असण्याची शक्यता मोठी. ललित असेल तर पहिलं पान आणि मधलं कुठलंही एक पान मोठ्याने वाचा. पहिल्या पानावर सगळेच मेहनत घेतात, भाषेचा खरा पोत मधल्या पानावर कळतो.

मलपृष्ठावरचा मजकूर सगळ्यात शेवटी वाचा. तो पुस्तक विकलं जावं म्हणून लिहिलेला असतो, आणि आधी वाचला की तीच विशेषणं नकळत आपल्या परीक्षणात उतरतात.

कादंबरीत नेमकं काय तपासायचं?

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ च्या आपल्या व्याख्यानांत केलेला एक भेद अजूनही कामाचा आहे. 'राजा वारला आणि मग राणी वारली' ही झाली गोष्ट. 'राजा वारला आणि त्या दुःखाने राणी वारली' हे झालं कथानक. गोष्टीत 'मग काय झालं' असं विचारतात, कथानकात 'का झालं'. कादंबरीचा सांधा निखळला असेल, तर तो बहुतेक वेळा या 'का'पाशी निखळतो. महत्त्वाची चार-पाच वळणं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे कारण लिहा. 'योगायोग' हा शब्द एकदा आला तर चालतं. संकट योगायोगाने आलं तर वाचक मान्य करतो. संकटातून सुटका योगायोगाने झाली की मात्र फसवणूक झाल्यासारखं वाटतं, कारण पात्राने काही केलेलंच नसतं.

पात्रांसाठी एक कसोटी: त्या पात्राच्या जागी दुसरं पात्र ठेवलं तर प्रसंग तसाच घडेल का? घडत असेल तर ते पात्र अजून माणूस झालेलं नाही. पण प्रत्येक पात्र खोल असलंच पाहिजे असंही नाही. दोन पानांपुरता येणारा पोस्टमन एका लकबीवर उभा राहिला तरी भागतं. दोष तेव्हा, जेव्हा ज्याच्या निर्णयावर कादंबरी फिरते तोच एका लकबीवर उभा असतो.

भाषेबद्दल लिहिताना 'ओघवती', 'प्रवाही' हे शब्द टाळा. त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. दोन वाक्यं उद्धृत करा आणि ती काय साधतात ते सांगा.

'मधला भाग रेंगाळतो' हे सिद्ध कसं करायचं?

प्रत्येक प्रकरणासाठी एक ओळ: कोणाला काय हवं होतं, आणि शेवटी काय बदललं. एक काल्पनिक नमुना घ्या.

प्रकरण ११: बहिणीला वाटतं घर विकू नये, भाऊ ऐकत नाही. बदललं: काही नाही.
प्रकरण १२: बहीण फोनवर तेच सांगते. बदललं: काही नाही.
प्रकरण १३: त्याच घरातल्या लहानपणीच्या आठवणी. बदललं: काही नाही.
प्रकरण १४: भाऊ तिला न सांगता सही करतो. बदललं: सगळं.

आता 'रेंगाळतो' हा शब्द बाजूला ठेवून नेमकं लिहिता येतं: अकरा ते तेरा ही तीन प्रकरणं एकच काम करतात, आणि चौदाव्याचा धक्का त्यामुळे बोथट होतो. मात्र घाई करू नका. तेराव्या प्रकरणातल्या आठवणींत भावाचा एखादा जुना घाव दिसत असेल आणि सही त्यातूनच आली असेल, तर 'बदललं'समोर लिहायला आहे: वाचकाची समज बदलली. संथ आणि साचलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संवाद खोटे वाटतात. कारण कसं शोधावं?

बहुतेकदा कारण एकच असतं. पात्रं एकमेकांशी बोलत नसतात, वाचकाला माहिती पुरवत असतात. हा नमुना बघा:

"ताई, तू स्वतः डॉक्टर आहेस आणि बारा वर्षं दुसऱ्या शहरात राहतेस, तरी आईच्या आजारपणात तू आली नाहीस."

ताईला आपण डॉक्टर आहोत हे ठाऊक आहे, आणि भावालाही. हे वाक्य फक्त वाचकासाठी आहे. तीच माहिती अशीही देता येते:

"बारा वर्षं तिकडे पेशंट तपासलेस. आई तेवढी राहिली."

शब्द निम्म्याहून कमी झाले, माहिती जवळपास तेवढीच राहिली आणि सल वर आला. परीक्षणात असा एक संवाद पुस्तकातूनच उचलून दाखवला की आणखी काही सांगावं लागत नाही. दुसरी चाचणी: संवादापुढची 'तो म्हणाला, ती म्हणाली' झाकून वाचा. कोण बोलतंय ते ओळखू येत नसेल, तर सगळी पात्रं लेखकाच्याच आवाजात बोलत आहेत.

निवेदक विसंगत बोलतो. लेखकाची चूक की मुद्दाम?

ज्याच्या सांगण्यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही अशा निवेदकासाठी 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये रूढ केली. मुद्दाम केलेल्या विसंगतीला आकार असतो: निवेदक नेहमी एकाच बाबतीत घसरतो, बहुधा स्वतःच्या अपराधाच्या किंवा अभिमानाच्या जागी, आणि दुसरं एखादं पात्र किंवा एखादी वस्तू त्याचं बोलणं खोटं पाडते. चुकीला असा आकार नसतो. आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८८७ च्या पहिल्या शेरलॉक होम्स कादंबरीत निवेदक डॉक्टर वॉटसनला युद्धात गोळी खांद्याला लागलेली आहे, १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत दुखणं पायात आहे. यातून कथेत काहीच निष्पन्न होत नाही, म्हणून ती सरळ नजरचूक धरावी. आणि अशा चुकीने पुस्तक पडत नाही, हेही त्याच उदाहरणातून दिसतं. तिला परीक्षणात अर्ध्या ओळीहून जास्त जागा नको.

रहस्यकथेचं परीक्षण शेवट न फोडता करता येतं का?

येतं. शेवट काय आहे हे न सांगता तो न्याय्य आहे का, हे सांगा. इंग्रज रहस्यकथाकार रोनल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांचा गाभा असा, की शोधकाला जे धागे सापडतात ते वाचकासमोरही यायला हवेत. शेवट कळल्यावर पहिली पन्नास पानं पुन्हा वाचा. दुसऱ्या वाचनात निदान तीन ठिकाणी 'हे तर समोरच होतं' असं झालं, तर बांधणी पक्की. गुन्हेगार शेवटच्या प्रकरणात पहिल्यांदा अवतरत असेल, तर एवढंच लिहिलं तरी पुरतं: उकलीला लागणारी माहिती वाचकाला वेळेवर मिळत नाही.

कथासंग्रहाबद्दल एकच मत कसं द्यावं?

सरासरी काढू नका. बारा कथांत तीन असाधारण आणि सहा बेतास बात असतील, तर तेच लिहा, त्या तिघींची नावं द्या आणि एकीवर सविस्तर बोला. एकामागोमाग वाचताना सगळ्या कथांचा शेवट एकाच पद्धतीने होतोय का, हेही बघा. सुटी वाचताना न दिसणारी ही सवय संग्रहातच उघडी पडते.

कथेतर पुस्तकातली विधानं तपासायची कशी? सगळी तर शक्य नाहीत.

पाच तपासा, पण निवडून. दोन विधानं अशी, ज्यांवर पुस्तकाचा मुख्य मुद्दा उभा आहे. दोन अशी, जी वाचून तुम्ही चकित झालात. आणि एक तुमच्या स्वतःच्या माहितीच्या क्षेत्रातलं. या पाचांना दोन-तीन तास लागतात आणि पुस्तकाबद्दल जे कळतं ते दुसऱ्या कशानेच कळत नाही.

प्रत्येक विधानाची टीप गाठा. तिथे मूळ साधन दिलं आहे की दुसरं लोकप्रिय पुस्तक? मूळ साधन मिळालं तर ते विधान तिथे खरंच आहे का? इथे तीन प्रकारची चूक सापडते. सालात किंवा नावात घसरण, ही मुद्रितशोधनाची. उद्धरण मधेच तोडलेलं, त्यामुळे अर्थ वाकलेला, ही गंभीर. आणि मूळ संशोधक म्हणतो 'असं असू शकेल', तर पुस्तक म्हणतं 'हे सिद्ध झालं आहे', ही सगळ्यात गंभीर. ती वरवर चूक वाटतच नाही, आणि तशाच वाक्यांवर पुस्तकाची भुरळ उभी असते.

पाचातलं एक घसरलं तर निकाल देऊ नका, आणखी पाच घ्या. मुख्य मुद्द्याची दोन्ही विधानं घसरली तर पुस्तक कितीही रंजक असो, ते स्पष्ट लिहायला हवं.

टिपाच नसतील तर? ललितनिबंधाला, प्रवासवर्णनाला त्या लागत नाहीत. इतिहास किंवा आरोग्यावरच्या पुस्तकाला लागतात, आणि नसणं ही उणीव म्हणून नोंदवावी.

युक्तिवाद तपासताना विरोधी बाजू कशी मांडली आहे ते बघा. विरोधकाने वाचून 'हो, माझं म्हणणं हेच आहे' असं म्हणावं, इतकी ती नीट मांडलेली असेल तर लेखकाच्या प्रामाणिकपणाची ती मोठी खूण आहे. विरोधक सगळीकडे भोळसट दिसत असेल तर मूळ विरोधी लेखन थोडं वाचून पाहा.

आकडे आणि संशोधनं पाहून गांगरायला होतं. काय बघावं?

'धोका दुप्पट होतो' असं वाक्य आलं की विचारा: किती होता, किती झाला? १०,००० लोकांत १ वरून २ झाला तरी तो दुप्पटच, आणि १०० लोकांत २० वरून ४० झाला तरी दुप्पटच. पुस्तकाने मूळ आकडा दिला नसेल तर वाचकाला निर्णय घेण्याजोगं काहीच दिलेलं नाही.

मानसशास्त्रावर आधारलेल्या पुस्तकांत प्रयोग कधीचे आहेत ते पाहा. आधी प्रसिद्ध झालेले १०० मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले, त्याचे निकाल २०१५ मध्ये आले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत निष्कर्ष संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरला होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच उतरला. त्याआधी लिहिलेल्या पुस्तकाला यासाठी दोष देऊ नये, पण त्याच्या नंतरच्या आवृत्तीत याची दखल नसेल तर ती उणीवच आहे.

यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकं कशी जोखावीत?

अपयशी माणसं मोजली आहेत का, एवढंच आधी शोधा. दुसऱ्या महायुद्धात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांनी परतलेल्या विमानांवरच्या नुकसानीचा अभ्यास केला. त्यातला कळीचा मुद्दा हा, की जी विमानं परतलीच नाहीत त्यांची नोंद हाती नसते. परतलेल्यांच्या इंजिनावर भोकं कमी दिसतात, कारण इंजिनाला लागलेली विमानं परत येतच नाहीत. वीस यशस्वी उद्योजक पहाटे उठतात, हे खरं असेलही. पहाटे उठून बुडालेले किती, हे पुस्तक सांगत नसेल तर सूत्र अर्धंच आहे.

याच प्रकारात फुगवटा फार. प्रत्येक प्रकरण किश्शाने उघडतं आणि त्याच मुद्द्यावर मिटतं. मधल्या प्रकरणांतून प्रत्येकी एक नवीन विधान लिहून काढायचा प्रयत्न करा. दहा प्रकरणांतून तीनच निघाली, तर वाचकाला सांगा की पहिली साठ पानं वाचली तरी चालेल. ही फार उपयोगी शिफारस असते.

चरित्र आणि आत्मचरित्र यांना एकच माप लावावं का?

नाही. चरित्रकाराला साधनांचा हिशोब द्यावा लागतो: पत्रं, दप्तर, मुलाखती, आणि त्या कोणी नाकारल्या. 'त्या रात्री ते खिडकीशी उभे राहून विचार करत होते' असं वाक्य आलं की टीप बघा. पत्रात किंवा रोजनिशीत आधार असेल तर सुंदर, नसेल तर ती कादंबरी झाली. आत्मचरित्राकडून स्मरणाचा प्रामाणिकपणा मागावा. चाळीस वर्षांपूर्वीचे पानभर संवाद शब्दशः आठवत नाहीत, हे सगळ्यांना मान्य असतं. प्रश्न एवढाच, की स्वतःच्या चुकांच्या जागी लेखक थांबतो का, की 'परिस्थितीच तशी होती' म्हणून पुढे सरकतो.

अनुवाद वाचला असेल तर दोष कोणाचा हे कसं ठरवायचं?

मूळ भाषा येत नसेल तर मूळ शैलीवर मत देऊ नका. कथानक, रचना, पात्रं यांवर द्या. अनुवादाच्या मराठीवर मात्र जरूर द्या. तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत: शिव्या, विनोद, नात्यांची संबोधनं, 'जे की' आणि 'ज्याच्यामुळे' यांनी लांबलेली वाक्यं. 'तू' की 'तुम्ही' हा निर्णय अनुवादकाला दर नात्यासाठी घ्यावा लागतो. तो मधेच कारणाशिवाय बदलत असेल तर हात घाईत चालला आहे. अनुवादकाचं नाव परीक्षणात पहिल्या परिच्छेदात यायलाच हवं.

जुनं पुस्तक आजच्या मापाने मोजावं का?

माहितीला आजचं माप, लेखनाला नाही. २००६ पूर्वीच्या खगोलशास्त्राच्या पुस्तकात प्लुटो नववा ग्रह असणारच. ती लेखकाची चूक नव्हे, पण आजच्या वाचकाला सांगायला हवं. त्या पुस्तकाने कक्षा कशी समजावून दिली, ती पद्धत आजही चोख असू शकते.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकावर लिहावं का?

लिहावं, पण कुठल्या पानावर सोडलं ते पहिल्याच ओळीत सांगून, आणि शेवटावर एक अक्षरही न बोलता.

लेखक ओळखीचा आहे किंवा प्रत भेट मिळाली आहे. मग?

ते लिहून टाका, एका वाक्यात. जवळचं नातं असेल तर परीक्षण दुसऱ्याला द्या. तिथे कौतुकही खरं मानलं जात नाही, म्हणजे नुकसान लेखकाचंच.

तारे द्यावेत का?

द्यावे लागलेच तर आधी मजकूर लिहा, मग तारे. उलट केलं की मजकूर ताऱ्यांची वकिली करतो. कादंबरीचे चार तारे आणि शब्दकोशाचे चार तारे यांची तुलना होत नाही. आपल्या चार ताऱ्यांचा अर्थ काय, हे एकदा कुठेतरी लिहून ठेवा.

परीक्षणाची लांबी आणि क्रम काय असावा?

८०० शब्द घेतले तर पुस्तक काय आहे याला १५० पुरेत. कथासारावर ४०० शब्द खर्च होणं, ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. सर्वांत मोठ्या जमेच्या बाजूला आणि सर्वांत मोठ्या उणिवेला मिळून ४५०, दोन्हींना निदान एकेक उद्धरण. उरलेल्या शब्दांत हे पुस्तक कोणाला उपयोगी पडेल आणि कोणाला नाही, हे नाव घेऊन सांगा: 'विषयाची पहिली ओळख हवी असलेल्यांना', 'आधीची दोन पुस्तकं वाचलेल्यांना'. छपाईच्या चुका, कागद, बांधणी यांना शेवटची एक ओळ. पण पानंच सुटून येत असतील किंवा नकाशे वाचता येण्यासारखे नसतील, तर ती ओळ वर आणा.

लिहून झाल्यावर प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारा आणि टिपणांच्या कागदावर त्याचं पान शोधा. ज्याचं पान सापडत नाही ते विशेषण काढून टाका, नाहीतर त्याच्यासाठी पुस्तक पुन्हा उघडा.